जर्मनीत नव्याने आल्यावर मैत्री: जुनी कशी टिकवायची, नवी कशी जोडायची आणि कोणत्या क्रमाने

पुणे, नाशिक, मुंबईहून नोकरीसाठी जर्मनीत आलेल्या मंडळींचं पहिलं वर्ष साधारण एकाच जागी फसतं. आधी घर, मग कागदपत्रं, मग भाषा आणि माणसं जोडायचं काम ‘सगळं मार्गी लागलं की’. मार्गी लागेपर्यंत नोव्हेंबर उजाडतो, ऑफिसातून बाहेर पडताना अंधार असतो, इकडे ओळखीचं कोणी नसतं आणि तिकडचे मित्र ग्रुपवर अंगठ्याचा इमोजी टाकण्यापुरते उरलेले असतात.

चूक स्वभावाची नसते, क्रमाची असते. जुन्या मैत्रीची सोय निघण्याआधी करायची असते आणि नव्या ओळखींची सुरुवात पहिल्या महिन्यात, भाषा तोडकीमोडकी असतानाच. खालचे टप्पे नोकरीवर आलेला माणूस आणि त्याच्यासोबत आलेला जोडीदार यांना समोर ठेवून लिहिले आहेत. विद्यार्थ्यांना वसतिगृहात आणि वर्गात माणसं आयती मिळतात, त्यांनी टप्पा ४ नुसता चाळला तरी चालेल.

## टप्पा १: निघण्याआधीचा महिना-दीड महिना

सेंडऑफ पार्टीचा मैत्री टिकण्याशी फारसा संबंध नसतो. त्याऐवजी ही कामं उरका.

१. कागदावर सहा ते आठ नावं लिहा. शाळेच्या ग्रुपमधले सगळे नकोत. ज्यांना रात्री अकराला कारण न सांगता फोन लावता येतो, तेवढेच. बाकीच्यांशी भांडण नाही, पण दूरदेशातून वीस जणांशी जवळीक राखायला कुणाकडेच वेळ नसतो.

२. या प्रत्येकाला एकेकटं भेटा आणि फोन कधी करायचा ते तिथेच ठरवा. ‘बोलत राहू’ हे ठरवणं नव्हे. ‘महिन्यातला दुसरा शनिवार, तुझा दुपारचा चहा’ हे ठरवणं.

३. हिशेब मिटवा. उसने पैसे, भिशीचा चालू फेरा, एकत्र घेतलेली गाडी, मित्राच्या नावावरचं इंटरनेट कनेक्शन. भिशी अर्ध्यात असेल तर तुमचा नंबर दुसऱ्याला सगळ्यांसमोर देऊन मोकळे व्हा. परदेशात गेलेल्या माणसाकडून थकलेले पाच हजार मागायला मित्र लाजतात, आणि मग फोनच टाळतात.

४. भारतातलं सिमकार्ड चालू ठेवा. रोमिंग निघण्याआधी सुरू करा, रिचार्ज संपण्याची तारीख कॅलेंडरमध्ये टाका. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. ओटीपी बंद पडला की मित्राच्या लग्नाचा आहेर, गणपतीची वर्गणी, आईच्या औषधांचं बिल, सगळं ‘तू भर, मी देतो’ वर जातं. बाहेर राहायला गेल्यावर साधं बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं खातं) करून घ्यावं लागतं, तो अर्जही आधीच मागून ठेवा.

५. आई-वडिलांची जबाबदारी गुपचूप एका मित्राच्या गळ्यात टाकू नका. प्लंबर, इलेक्ट्रिशियन, फॅमिली डॉक्टर, रुग्णवाहिका, औषधांचं दुकान असे नंबर मोठ्या अक्षरात लिहून घरात लावा. मित्र फक्त अडचणीच्या वेळेसाठी आहे, हे त्याच्या आणि आई-बाबांच्या एकत्र समोर बोला. नाहीतर गॅसचा नंबर लावण्यापासून सगळ्याला त्याचा फोन वाजतो. तो नाही म्हणत नाही, पण तुमच्या नावाने कंटाळतो.

६. जर्मनचा थोडा पाया इथेच घाला. पुण्यात मॅक्सम्युलर भवन आहे, खासगी वर्गही चिक्कार. स्वतःची ओळख करून देणं, आकडे, वेळ सांगणं आणि ‘मी अजून शिकतोय, जरा हळू बोला’ हे वाक्य, एवढं तोंडात बसलं तरी पुढचे दोन टप्पे सोपे जातात.

तपासा: यादीतल्या प्रत्येक नावापुढे ठरलेला वार आणि वेळ लिहिलेली आहे का? नसेल तर ते नाव गळणार, असं समजा.

## टप्पा २: पहिले सहा आठवडे, कागद आणि शेजारी एकत्र

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते. त्यासाठी घरमालकाचा सहीचा दाखला लागतो, तो किल्ली घेतानाच मागा. मोठ्या शहरांत अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही, म्हणून भारतात असतानाच तारखा बघायला लागा.

किल्ली मिळेल त्याच दिवशी दुसरं काम: पत्रपेटीवर आणि दारावरच्या घंटीवर तुमचं नाव लावा. जर्मनीत पोस्टमन नाव बघून पत्र टाकतो, फ्लॅटचा नंबर बघून नव्हे. नाव नसेल तर कर-क्रमांकाचं, बँकेचं, आरोग्यविम्याचं पत्र परत जातं. जोडीदाराचं आडनाव वेगळं असेल तर दोन्ही नावं लावा.

आता शेजारी. पहिल्या आठवड्यातच, संध्याकाळी सहा-सातच्या दरम्यान, खालच्या, वरच्या आणि समोरच्या दाराची घंटी वाजवा. नाव सांगा, कोणत्या मजल्यावर आलात ते सांगा, ‘आवाजाचा त्रास झाला तर मला थेट सांगा’ म्हणा आणि निघा. दोन मिनिटं पुरतात. सोबत काही नेलंच पाहिजे असं नाही. आत बोलावतील ही अपेक्षा नको, बहुधा बोलावणार नाहीत. याचं फळ पुढे मिळतं: तुम्ही घरी नसताना पार्सल शेजारी घेतो आणि तुम्ही त्याचं घेता. इमारतीतल्या कितीतरी ओळखी या पार्सलांच्या देवघेवीतूनच सुरू होतात.

शेजाऱ्यांशी बोलताना आदरार्थी ‘झी’ (आपलं ‘तुम्ही’) वापरा. एकेरीवर यायचं आमंत्रण वयाने मोठा माणूस देतो. क्लबात आणि बऱ्याच ऑफिसांत मात्र पहिल्या दिवसापासून एकेरीच चालतं.

सावधान: भाड्याच्या करारासोबत इमारतीचे नियम येतात, ते भाषांतर करून वाचाच. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता असते आणि रविवारी दिवसभर. रविवारी भिंतीत ड्रिल नाही, रिकाम्या बाटल्या रस्त्यावरच्या काच गोळा करायच्या कंटेनरमध्ये टाकायला जाणं नाही. दोन मिनिटांच्या मिक्सरवरून कोणी भांडायला येत नाही, पण रविवारी सकाळी सातला इडलीचं पीठ वाटणं टाळा. कचरा चुकीच्या डब्यात टाकला तर कुणी तोंडावर बोलेल, कुणी चिठ्ठी लावेल. रागावू नका, सुधारा. स्टुटगार्टच्या बाजूला पाळीपाळीने जिना झाडायची पद्धत आहे. दारावर पाटी लटकली की तो आठवडा तुमचा. ही पाळी निमूट पार पाडणारा नवा भाडेकरू इमारतीत जितक्या लवकर आपला होतो, तितका मिठाई वाटणारा होत नाही.

आणि फोडणी देताना स्वयंपाकघराचं दार लावा, खिडकी उघडा. झोपायच्या खोल्यांत आणि बोळात धुराची अलार्म यंत्रं बसवणं सक्तीचं आहे, ती मोहरी-मिरचीला आगच समजतात.

## टप्पा ३: जुन्या मित्रांचं वेळापत्रक

इथे जरा थांबू, कारण सर्वांत जास्त मैत्र्या इथे गळतात आणि कारण अगदी साधं असतं: घड्याळ.

उन्हाळ्यात भारत जर्मनीच्या साडेतीन तास पुढे असतो, हिवाळ्यात साडेचार तास. मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हा फरक बदलतो. उन्हाळ्यात तुम्ही कामावरून येऊन साडेसहाला फोन लावता तेव्हा तिकडे दहा वाजलेले असतात, चालून जातं. ऑक्टोबरनंतर तीच वेळ तिकडे रात्रीचे अकरा. मित्र पेंगत बोलतो, दोनदा उचलत नाही, आणि ‘हल्ली बिझी झालाय’ असं दोन्हीकडे वाटायला लागतं. झालेलं असतं एवढंच की घड्याळ तासाने सरकलं.

उपाय:

१. वेळ नेहमी भारताच्या घड्याळाने ठरवा. हिशेब तुम्ही करा, त्याला करायला लावू नका. गेलात तुम्ही.

२. शनिवार-रविवारची दुपार धरा. जर्मनीत साडेबाराला तिकडे उन्हाळ्यात चार आणि हिवाळ्यात पाच वाजलेले असतात. जेवणं, वामकुक्षी झालेली, चहा समोर. पोरांच्या शिकवण्या वगैरे सुरू व्हायच्या असतात. याहून चांगली वेळ नाही.

३. कामाच्या दिवसांत फोन नको, आवाजी मेसेज पाठवा. ट्रामची वाट बघताना दोन मिनिटं बोला. मजकूर लिहून पाठवला की उत्तर द्यायचं राहून जातं, आवाज ऐकला की समोरचाही बोलतो. पाच मिनिटांपेक्षा लांब नको, ते कोणी ऐकत नाही.

४. बोलताना निरर्थक गोष्टी विचारा. कोपऱ्यावरचं दुकान चालू आहे का, त्या वरच्या काकूंचा कुत्रा अजून भुंकतो का, नवा बॉस कसा आहे. मोठ्या बातम्या कुणालाही कळतातच, जवळीक राहते ती बारीकसारीक माहीत असल्याने.

५. दोन रडगाणी टाळा. ‘इथे कसं सगळं वेळेवर, आपल्याकडे बघा’ आणि ‘इथे काही खरं नाही, तुम्हीच सुखी’. पहिल्याने समोरचा चिडतो. दुसऱ्यावर काय बोलावं हे त्याला सुचत नाही, कारण तुमचा पगार त्याने मनात रुपयांत मोजलेला असतो. खरोखर वाईट दिवस असेल तर तसं सरळ सांगा: ‘आज मला फक्त ऐकून घे.’

६. फक्त काम निघालं की फोन, असं होऊ देऊ नका. सोसायटीतून कागद आणायचाय, बँकेत जाऊन ये, भाडेकरूला विचार. मित्राला सांगितलेल्या प्रत्येक कामामागे कामाविना केलेले निदान दोन फोन हवेत.

तिकडून दोन मागण्या येतात: पैसे आणि ‘माझ्या भाच्याचं तिकडे काही जमतं का बघ’. दोन्हीत टाळाटाळ केली तर मैत्री सडते. पैसे द्यायचे असतील तर परत आले नाहीत तरी चालतील एवढेच द्या, नसतील तर त्याच दिवशी नाही म्हणा. भाच्याला नोकरी तुम्ही लावू शकत नाही, पण अर्ध्या तासाचा फोन करून व्हिसा, भाषा आणि खर्च यांची खरी माहिती देऊ शकता. तेवढं जरूर करा.

मित्राच्या घरी कोणी वारलं आणि तुम्हाला जाणं शक्य नसेल, तर त्याच दिवशी फोन करा. शब्द सुचत नसले तरी करा, मेसेज नको. पुन्हा तेराव्याच्या सुमारास करा. आणि महिन्याभराने आणखी एकदा, कारण तोपर्यंत घरातली पाहुण्यांची गर्दी ओसरलेली असते.

तपासा: ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्या ठरलेल्या वेळा पुन्हा पाहिल्या का?

## टप्पा ४: दर आठवड्याची एकच जागा धरा

नवे लोक इथे दोन टोकांना जातात. काहीजण अॅपवरून मिळेल त्या मेळाव्याला जातात, दर वेळी नवे चेहरे, दर वेळी ‘कुठून आलात, काय करता’. काहीजण ‘बी-वन (जर्मनची मधली पातळी) झाली की बघू’ म्हणून घरात बसतात. दोन्हींतून मैत्री होत नाही. तीच माणसं, तीच जागा, दर आठवड्याला, असं किमान काही महिने व्हावं लागतं.

कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांच्या २०१८च्या अभ्यासात याचा ढोबळ हिशेब सापडतो. नुसत्या ओळखीतून जुजबी मैत्री व्हायला एकत्र घालवलेले सुमारे ५० तास लागतात, खऱ्या मैत्रीला ९०च्या आसपास, आणि जिवलग व्हायला २००हून जास्त. आठवड्याला दीड तास खेळ आणि नंतर तासभर गप्पा धरल्या, तर ५० तास व्हायला वीस आठवडे लागतात. म्हणजे सप्टेंबरात सुरुवात केली तर फेब्रुवारीत कुठे ‘काय रे, परवा आला नाहीस’ ऐकू येतं. तिसऱ्या आठवड्यात ‘जर्मन लोक थंड आहेत’ असा निकाल देणाऱ्यांनी हा भागाकार आधी करावा.

जागा कोणती, हे असं ठरवा:

- घरापासून अर्ध्या तासाच्या आत. लांबची जागा पहिल्या पावसातच सुटते.
- हाताला किंवा पायाला काही काम असलेली: बॅडमिंटन, टेबल टेनिस, गायनवृंद, डोंगरवाटा, शिवणकाम. हात गुंतले की भाषेची उणीव झाकली जाते.
- संपल्यावर लोक एकत्र बसतात अशी.

शोधायची ठिकाणं दोन. एक, नगरपालिकेच्या पाठबळावर चालणारी प्रौढांची शाळा, फोल्क्सहोखशुल. बहुतेक शहरांत आणि बऱ्याच गावांत ती असते. भाषेपासून स्वयंपाकापर्यंत सगळ्याचे वर्ग परवडणाऱ्या फीमध्ये चालतात. सत्रं साधारण फेब्रुवारी-मार्च आणि सप्टेंबरमध्ये सुरू होतात, चांगले वर्ग आधीच भरतात. दुसरं, स्थानिक क्रीडामंडळ, म्हणजे फेराइन. एक-दोन सराव फुकट करू देतात का ते विचारा, बहुतेक ठिकाणी देतात. क्रिकेट क्लबही आता बऱ्याच शहरांत आहेत, मात्र तिथे मुख्यतः आपलेच आणि शेजारी देशांतले खेळाडू भेटतील. मजा येईल, पण जर्मन शिकायला किंवा गावात मुरायला त्याचा उपयोग कमी.

सर्वांत मोठी चूक: खेळ संपला की बॅग उचलून घरी जाणं. मैत्री खेळात होत नाही, खेळानंतरच्या त्या तासाभरात होते. बीअर घेत नसाल तर सफरचंदाचा रस आणि सोडा मागवा, कोणी दुसऱ्यांदा विचारणार नाही. बिल मागवल्यावर वेटर ‘एकत्र की वेगवेगळं’ विचारेल. वेगवेगळं म्हणा. सगळ्यांचं बिल हट्टाने भरलंत तर लोक अवघडतात, त्यांना परतफेडीचं ओझं वाटतं.

दुसरी छोटी सूचना: फेराइनचं सभासदत्व सोडायचं तर लेखी कळवावं लागतं आणि बऱ्याचदा सहामाही किंवा वर्षअखेरीलाच सुटका होते. सही करण्याआधी ते कलम बघा.

### सोबत आलेल्या जोडीदारासाठी

ब्लू कार्डवर (उच्चशिक्षितांना मिळणारा नोकरी-निवासाचा परवाना) आलेल्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मनचा दाखला लागत नाही. सोय म्हणून छान, पण त्यामुळे एकजण सकाळी माणसांनी भरलेल्या ऑफिसात जातो आणि दुसरी व्यक्ती भाषेविना रिकाम्या घरात. घरातलं पहिल्या वर्षाचं भांडण बहुतेक वेळा याचंच असतं, विषय भांड्यांचा असला तरी.

म्हणून पहिल्या महिन्यातच भाषावर्ग लावा, आणि ऑनलाइन नको, खोलीत बसून चालणारा लावा. सरकारी इंटेग्रेशन कोर्समध्ये साधारण ६०० तास भाषा आणि १०० तास देशाची ओळख असते. त्याला पात्र आहात का ते विचारा. एवढे तास त्याच माणसांबरोबर जातात, हे वरच्या हिशेबाशी ताडून पाहा. वर्गात जर्मन नसतील, तुर्की, युक्रेनी, ब्राझिलियन असतील. हरकत नाही. नव्या माणसाला नवा माणूस लवकर मित्र करतो. जोडीदाराला नोकरी करायलाही परवानगी असते, मात्र ‘नोकरी मिळाली की ओळखी होतील’ असं म्हणत थांबू नका. आणि शनिवारी घरी बोलवायची माणसं नेहमी एकाच्याच ऑफिसातली नकोत.

## टप्पा ५: मराठी मंडळ, बेताने

म्युनिक, बर्लिन, फ्रँकफर्ट, स्टुटगार्ट अशा शहरांत मराठी मंडळी गणेशोत्सव आणि दिवाळी करतात. पहिल्या वर्षी नुसते पाहुणे म्हणून जाऊ नका. काम मागून घ्या: खुर्च्या लावणं, मोदकांची उकड काढणं, मुलांची नाटुकली बसवणं, शेवटी हॉल पुसणं. तालमींच्या आठ शनिवारांत जेवढ्या ओळखी होतात, तेवढ्या पंगतीत बसून होत नाहीत.

टाळायच्या दोन गोष्टी. पहिली, सगळे शनिवार-रविवार इथेच घालवणं. पाच वर्षांनी बेकरीत पाव मागायला अडणारे लोक असेच तयार होतात. दुसरी, पगार, टॅक्स-क्लास (पगारातून कर कापायचा गट) आणि ‘पीआर (कायम राहण्याचा परवाना) कधी’ या चर्चेत अडकणं. विषय बदला किंवा मोदकांकडे जा.

भारतातून येताना सामान आणण्याची देवघेव इथे फार चालते. हो म्हणण्याआधी लक्षात घ्या: युरोपीय संघाबाहेरून प्रवाशाच्या सामानात मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत, म्हणून तूप, खवा, पनीर नाही. ओला कढीपत्ता आणि हापूसची पेटीही वनस्पती-आरोग्याच्या दाखल्याशिवाय चालत नाही. चिवडा, चकली, भाजणी आणा. दुसऱ्याने बांधून दिलेला बंद खोका उघडून पाहिल्याशिवाय घेऊ नका, मग तो कितीही जवळचा असो.

## टप्पा ६: घरी बोलावणं

ओळख क्लबातून घरापर्यंत आणायचं काम तुम्हालाच करावं लागेल. ‘या की कधीतरी’ याला इथे अर्थ नाही. ऐकणारा एकतर खरं मानून तारीख विचारेल, नाहीतर विसरून जाईल.

१. दोन-तीन आठवडे आधी विचारा. लोकांचे शनिवार खरोखर भरलेले असतात.

२. पहिल्या वेळी जेवण नको. शनिवार-रविवारच्या दुपारी कॉफी-केकची पद्धत आहे, तिचा फायदा घ्या. कांदेपोहे, एखादा गोड पदार्थ, कॉफी. खर्च कमी, आणि निघायची वेळ आपोआप ठरलेली.

३. निरोप असा धाडा: ‘शनिवारी १४ तारखेला दुपारी साडेतीन ते सहा. कॉफी आणि आमच्याकडचा नाश्ता. मांस नाही, तिखट कमी. कोणता पदार्थ चालत नसेल तर सांगा. बुधवारपर्यंत कळवाल का?’

४. साडेतीन म्हणजे साडेतीन. तीन पस्तीसला घंटी वाजेल तेव्हा तुम्ही आंघोळीहून बाहेर आलेले असा.

५. आग्रह एकदाच. ‘नको’ म्हणजे नको. ताटात परस्पर वाढू नका, ते पाहुण्याला संपवावं लागतं.

याची उलटी बाजू जास्त महाग पडते. तुम्ही पाहुणे असताना त्यांनी विचारलं आणि तुम्ही रीतीप्रमाणे ‘नको नको’ म्हणालात, तर दुसऱ्यांदा कोणी विचारत नाही. उपाशी घरी याल. हवं असेल तर पहिल्याच वेळी हो म्हणा.

वाढदिवसाचे नियम वेगळे. आगाऊ शुभेच्छा अजिबात नकोत, ते अशुभ मानतात. रविवारी वाढदिवस असेल तर सोमवारी द्या, शुक्रवारी नको. आणि ऑफिसात केक ज्याचा वाढदिवस तोच आणतो. तुमचा असेल त्या दिवशी तुम्ही न्या, सहकारी आणतील म्हणून वाट बघू नका.

तपासा: बोलावून झाल्यावर उलट आमंत्रण लगेच आलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका. दोन महिन्यांनी पुन्हा एकदा बोलवा. त्यानंतरही काही हालचाल नसेल तर तो माणूस क्लबापुरता ठेवा, दुसऱ्याकडे वळा.

## टप्पा ७: पहिला हिवाळा

डिसेंबरात बर्लिनमध्ये सूर्य चारच्या आत मावळतो, स्टुटगार्टला साडेचारच्या सुमारास. ‘आज नको, फार गार आहे’ हे दर आठवड्याला क्लबला निघताना म्हणावंसं वाटेल. म्हणून ऑक्टोबरमध्येच मार्चपर्यंतच्या ठरलेल्या गोष्टी कॅलेंडरमध्ये भरा. दुपारी जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटं बाहेर चाला, उजेड तेव्हाच असतो.

ख्रिसमसचे दिवस नव्या माणसाला सर्वांत अवघड. २४ तारखेच्या दुपारपासून दुकानं बंद, २५ आणि २६ला सुट्टी, आणि जो तो आपापल्या घरी. या तीन दिवसांचा बेत नोव्हेंबरमध्येच करा. भाषावर्गातलेही तुमच्यासारखेच मोकळे असतात, त्यांना बोलवा. ३१ची रात्र मात्र मित्रांची, तेव्हा क्लबातल्यांना आधी विचारून ठेवा. ख्रिसमसआधीच्या चार आठवड्यांत तिथल्या ख्रिसमसच्या बाजारात ‘ऑफिसनंतर तासभर जाऊ’ म्हणणं हे सर्वांत सोपं आमंत्रण आहे, त्याला फार कोणी नाही म्हणत नाही.

सावधान: झोप, भूक आणि कामातलं लक्ष दोन आठवड्यांहून जास्त बिघडलं असेल तर तो एकटेपणा की आजार, हे स्वतः ठरवू नका. फॅमिली डॉक्टरकडे जा. मानसोपचाराच्या पहिल्या भेटीची वेळ ११६११७ या नंबरवरून मिळू शकते. मन मोकळं करायच्या टेलिफोनझेलझोर्गे या हेल्पलाइनचा ०८०० १११०१११ हा नंबर दिवस-रात्र मोफत असतो, संभाषण मुख्यतः जर्मनमध्ये. जीवाला धोका असेल तर ११२. व्हिसा, घर, भाषा यांच्या गुंत्यासाठी नव्याने आलेल्या प्रौढांना मोफत सल्ला देणारी केंद्रं कारितास, डियाकोनी, आवो, जर्मन रेड क्रॉस अशा संस्था चालवतात.

## टप्पा ८: वर्ष झाल्यावर

इकडची तपासणी एका वस्तूवर करा: घराची जादा किल्ली. जर्मनीत बरीच दारं ओढली की बाहेरून उघडत नाहीत. किल्ली आत राहिली आणि रविवारची रात्र असली तर कुलूपवाला भरपूर पैसे घेतो. तुमची किल्ली दहा मिनिटांवर राहणाऱ्या कोणाकडे आहे का? नसेल तर टप्पा २ आणि ६ परत वाचा.

तिकडची पहिली फेरी. तीन आठवड्यांच्या सुट्टीत रोज दोन घरं, असा दौरा आखू नका. यादीतल्या प्रत्येकासाठी एक निवांत संध्याकाळ किंवा एक सकाळ, निघण्याआधीच ठरवलेली. बाकी सगळ्यांना एकच दिवस, एकच ठिकाण सांगा: ‘रविवारी सकाळी आठ ते अकरा अमुक हॉटेलात आहे, जमेल त्याने यावं.’ नातेवाइकांचे दिवस वेगळे काढा, नाहीतर ते मित्रांचे खातात. आणि परतीच्या आदल्या रात्री कोणालाही भेटू नका, बॅगा भरत भरत झालेली भेट न झाल्यासारखीच.

यादीतल्या एखाद्याशी वर्षभरात बोलणंच झालं नसेल, तर मोठा माफीनामा लिहू नका. त्याला उत्तर काय द्यावं हेच समोरच्याला कळत नाही. एक आवाजी मेसेज पाठवा, मिनिटभराचा, आणि शेवटी असा प्रश्न विचारा ज्याचं उत्तर फक्त त्यालाच माहीत आहे: त्या ट्रेकला आपली वाट चुकवली कोणी, तू की मी?